भोगवटादाराचा रकाना

सकाळी सात वाजता थोरल्यांनी दिवाणखान्यातल्या ओलीला पाणी घातले.

ओल त्यांच्या देखरेखीखालची होती. पश्चिमेच्या भिंतीवर, छतापासून खाली दीड मीटर, असा तिचा विस्तार. दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरमूल्यांकनाच्या आधी ते तिच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ ओढीत आणि तारीख घालीत. घरपट्टी ठरवताना इमारतीच्या दुरवस्थेबद्दल नगरपालिका जी सूट देते, तिच्या तक्त्यात ‘भिंतींना सतत ओल’ या बाबीला पाच टक्के होते. आणि पाणीपुरवठा खात्यात प्रमुख आरेखक म्हणून चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘सतत’ या शब्दाचे वजन कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. गवंड्याला त्या भिंतीकडे पाहण्याचीही मनाई होती.

परंतु गेल्या महिन्यापासून ओल आटत चालली होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मधल्या भावाचे न्हाणीघर बारा वर्षे गळत होते, हे त्या ओलीचे मूळ. मधल्याचे दुकान नळांचे आणि फरश्यांचे असल्यामुळे स्वतःचे न्हाणीघर दुरुस्त करायला त्याला सवड मिळत नसे. ती त्याला अचानक मिळाली, आणि तीही फेरमूल्यांकनाच्या मोजणीच्या तोंडावर. थोरल्यांच्या लेखी हे घरफोडीच्या बरोबरीचे कृत्य होते. ते खुर्चीवर उभे राहून चहाच्या गाळणीतून भिंतीवर पाणी शिंपडीत होते. सरळ ओतले तर ओघळ येतात आणि ओल खोटी दिसते, हे त्यांनी आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर करून पाहिले होते.

मोजणी आज होती, आणि त्यांच्या खिशात दिवसाच्या कामांची चिठ्ठी होती. घरामागचा नाला उघडा असल्याची सूट तीन टक्के. तो झाकण्याची योजना आली तेव्हा साऱ्या गल्लीतून एकट्या थोरल्यांनी हरकत नोंदवली होती. रस्त्यावर दिवा नसल्याची दोन टक्के. फाटकासमोरचा दिवा नऊ वर्षे बंद होता आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती. हे सारे ठाकठीक होते. चिठ्ठीवर उरलेली कामे दोनच: ‘आठ वाजता, खाट. साडेआठ, पाहुणी.’

आठ वाजता त्यांची पत्नी, थोरली, गुडघे सांभाळत मागच्या अंगणातून निघाली. खाट दुमडण्याचे काम बावीस वर्षे तिच्याकडे होते.

बावीस वर्षांपूर्वी धाकटा भाऊ गेला. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्या मधल्याच्या वाढत्या मुलांना लागल्या आणि त्याची बायको खाली, मागच्या कोठारात आली. थोरल्यांनी स्वतः उभे राहून कोठाराला खिडकी पाडून घेतली, फरशी घालून घेतली, शेगडीसाठी ओटा बांधून घेतला. कामात कसूर ठेवली नाही. फक्त तिथे माणूस राहणार आहे, हे नगरपालिकेला कळवले नाही. कोठारावर निवासी दराच्या निम्म्याने आकारणी होते, आणि जी खोली कागदावर कोठार आहे ती तशीच राहिल्याने कोणाचे काय बिघडते, असा त्यांचा हिशेब होता.

तेव्हापासून मोजणीच्या दिवशी खाट गच्चीवर जाई, कपडे पेटीत जात, भांडी मुख्य स्वयंपाकघरात येत, आणि धाकटी हातात पिशवी घेऊन दिवाणखान्यात पाहुणी म्हणून बसे. पाच मोजण्यांत ती पाच वेळा पाहुणी झाली होती. एकदा थोरलीची मावसबहीण, एकदा शिलाईयंत्राची चौकशी करायला आलेली बाई. मागच्या खेपेला ‘निघायला हवं आता’ हे वाक्य तिने इतके सहज म्हटले, की भल्या स्वभावाच्या निरीक्षकाने तिला स्कूटरवरून रेल्वे स्थानकावर पोहोचवले. तिकीट काढेपर्यंत तो थांबला. गाडी सुटेपर्यंतही थांबला. पुढच्या स्थानकावर उतरून, परतीच्या गाडीची तीन तास वाट पाहून धाकटी घरी आली, तेव्हा घरातल्यांचा संध्याकाळचा चहा उरकला होता. काम चोख झाले, असे थोरले म्हणाले होते.

थोरलीने दार ढकलले. धाकटी स्टुलावर बसून शेगडीवरच्या पातेल्याकडे पाहत होती. पातेल्यात तापमापक उभा होता. भिंतीवरच्या फळ्यांवर पांढऱ्या मातीचे जबडे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी. धाकटी शहरातल्या तीन दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवीत असे. या घरात साठी ओलांडलेल्या प्रत्येकाचे तोंडही तिनेच भरून काढले होते. तिच्याविषयी घरात जे काही बोलले जाई, ते बहुतेक तिच्याच दातांनी बोलले जाई.

“पेटी भरली नाहीस अजून?” थोरलीने विचारले.

“नाही भरत, वहिनी. आज मी पाहुणी होणार नाही.”

थोरली खाटेच्या कडेवर बसली. धाकटीने कारण सांगितले ते पातेल्याचे. साचा पाण्यात टाकला आहे, दोन तास मंद आच लागते, नंतर त्याच पाण्यात तो निवू द्यावा लागतो. मध्येच उठले तर हिरडीत फुगे धरतात. मी बसते लक्ष ठेवून, असे थोरलीने सुचवले. त्यावर धाकटीने तिला आठवण करून दिली, की मागे एकदा ती अशीच लक्ष ठेवून बसली होती आणि एका निवृत्त मास्तरांना भोके पडलेल्या हिरड्यांनी दोन महिने काढावे लागले होते.

 खरे कारण पातेल्यात नव्हते, हे दोघींनाही ठाऊक होते.

मधल्याने एक बिल्डर आणला होता. घर पाडायचे, तिथे सात मजली इमारत उभी करायची, आणि नगरपालिकेच्या नव्या मूल्यांकन यादीत भोगवटादार म्हणून ज्यांची नोंद असेल त्या प्रत्येकाला तिच्यात एक घर द्यायचे, असे ठरत होते. भोगवटादार म्हणजे जागेत प्रत्यक्ष राहणारा. यादीत असे दोन होते: तळमजल्यावर थोरले, वरच्या मजल्यावर मधले. मागच्या खोलीपुढे ‘कोठार’ असे लिहून भोगवटादाराच्या रकान्यात आडवी रेघ मारलेली होती. धाकटीने महिनाभरापूर्वी विषय काढला, तेव्हा थोरले प्रेमाने म्हणाले होते की तू घरचीच, घरच्या माणसाला रकाना कशाला. मधले म्हणाले होते, तुझी सोय बघू.

“‘बघू’चं क्षेत्रफळ किती असतं, वहिनी?” धाकटीने विचारले. “दादांना विचारा एकदा. ते मोजून सांगतील.”

“रागावू नकोस गं. मनानं वाईट नाहीत ते.”

“मनात राहायला दिलंय म्हणूनच बावीस वर्षं काही बोलले नाही. पण मन पाडलं तर बिल्डर त्याच्या बदल्यात घर देत नाही.”

 यादीत स्वतःची नोंद कशी आहे हे थोरलीने एकदा पाहिले होते. नवऱ्याच्या नावापुढे ‘व कुटुंब’ असे दोन शब्द होते. त्यांतला दुसरा ती होती. तिला आपले गुडघे आठवले, सातव्या मजल्याची उंची आठवली, आणि तापात पडल्यावर पेज कोण आणून देते तेही आठवले. माया आणि सोय यांची वाटणी तिने आयुष्यात कधी वेगवेगळी करून पाहिली नव्हती. ती उठली, खाटेवरची चादर हाताने सरळ केली आणि घरात आली.

थोरले खुर्चीवरून उतरत होते. “खाट?” त्यांनी विचारले.

“झालं,” थोरली म्हणाली. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी खोटे बोलल्याचा हा पहिला प्रसंग होता, निदान थोरल्यांच्या माहितीप्रमाणे.

साडेआठला दिवाणखान्यात पाहुणी आली नाही, तेव्हा या खेपेला ती बाहेरच गेली असावी, असे थोरल्यांनी त्या ‘झालं’वरून धरले. साडेनऊला नगरपालिकेच्या, घरांचे मूल्य ठरवणाऱ्या, निर्धारक बाई आल्या. वय तिशीचे, खांद्याला शबनम, हातात साबणाच्या वडीएवढे एक यंत्र. मधले इस्त्रीचा सदरा घालून जिन्यावरून उतरत होते, तेव्हा थोरले दारातच तीस मीटरची पोलादी टेप घेऊन उभे असलेले त्यांनी पाहिले. या टेपचा महिमा मधल्यांना पुरता ठाऊक होता. निरीक्षक आला की थोरले वयाचा मान बाजूला ठेवून टेपचे दुसरे टोक धरायला पुढे होत, आणि टोक भिंतीला टेकवताना मध्ये अंगठा ठेवीत. त्यामुळे दर खोलीमागे दोन सेंटिमीटर घरातच राहत.

“राहू द्या, काका,” निर्धारक बाई म्हणाल्या. त्यांनी यंत्र भिंतीला टेकवले, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडला आणि आकडा उमटला. या यंत्राला दुसरे टोकच नव्हते. थोरल्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून मधल्यांना क्षणभर भावाची दया आली. पण त्यांना वेळ नव्हता. बिल्डर मोबदला ठरवणार तो नगरपालिकेने लावलेल्या मूल्यावर. थोरल्यांना घर जितके पडके दाखवायचे होते, तितकेच मधल्यांना ते उभे करून दाखवायचे होते.

पुढची चाळीस मिनिटे दोघा भावांनी बाईंना एकच घर दोनदा दाखवले. थोरल्यांनी त्यांना ओलीपुढे उभे केले. बाईंनी बोट लावले, बोटाकडे पाहिले आणि ओल फारच ताजी आहे असे म्हटले. सतत आहे, थोरले म्हणाले. सकाळपासून सतत आहे, मधले म्हणाले. वरच्या मजल्यावर मधल्यांनी फरशीचे गुणगान सुरू केले, तेव्हा थोरले जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि वजन कमी ठेवायला हवे म्हणून आपण आत येत नाही, असे त्यांनी बाहेरूनच सांगितले. घराचे वय विचारल्यावर थोरल्यांनी एकाहत्तर वर्षे सांगितले. नियमाप्रमाणे घराला दर वर्षी एक टक्का घसारा मिळतो आणि सत्तर टक्क्यांवर तो थांबतो. त्यानंतर घर म्हातारे होत नाही. माणसांसाठी अशी तरतूद कुठल्याच नियमात नाही, याची थोरल्यांना खंत होती. मधल्यांनी, फरशी नवी घातली तेव्हापासून मोजून, वरचा मजला बारा वर्षांचा असल्याचे सांगितले. बाईंनी दोन्ही आकडे लिहून घेतले आणि शांतपणे विचारले, की सत्तर टक्के झिजलेल्या घराच्या डोक्यावर हा बारा टक्क्यांचा मजला नेमका कशाच्या आधाराने उभा आहे.

“पुण्याईच्या,” थोरली स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग बाईंनी यादीवर बोट फिरवत विचारले, की मागे आणखी एक खोली दिसते, ती कसली.

“कोठार,” दोघे भाऊ एकदम म्हणाले.

बाईंनी मान वर केली. चाळीस मिनिटांत या दोघांचे प्रथमच एकमत झाले होते.

त्या खोलीच्या बाबतीत मधल्यांचा हिशेब सरळ होता. तिसरा भोगवटादार निघाला तर बिल्डर तिसरे घर आपल्या खिशातून देणार नव्हता; ते या दोघांच्या वाट्यातून कापले जाणार होते. धाकटीविषयी त्यांना आकस नव्हता. आपल्या नव्या घरात एक खोली तिला द्यावी, असे त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलेही होते. मात्र एकदा यादीत नोंद झाली की हे उपकार करायची संधीच उरणार नव्हती.

बाईंनी नवे परिपत्रक सांगितले. कोठार उघडून दाखवावे लागते. न दाखवल्यास ते निवासी धरायचे. थोरले या सूचनेने उलट खूश झाले. खाट गच्चीवर आहे या भरवशावर ते पुढे झाले आणि जादूगाराने पेटी उघडावी तसे त्यांनी कोठाराचे दार उघडले.

दार उघडले तेव्हा धाकटीने पातेल्याखालची आच नुकतीच विझवली होती. तिला आधी थोरल्यांचा चेहरा दिसला, मग त्यांच्या खांद्यावरून मधल्यांचा, आणि मग एक अनोळखी बाई. थोरल्यांची नजर खाटेवर गेली. खाटेवर चादर सरळ घातलेली होती आणि उशीशी पुस्तक उपडे ठेवलेले होते.

“या कोण?” बाईंनी विचारले.

“पाहुणी,” थोरले म्हणाले. बावीस वर्षांच्या सवयीने तो शब्द आपोआप बाहेर पडला.

“पाहुणीला कोठारात उतरवलंय?”

मधले पुढे सरसावले. खाट जुनी आहे, कोठारात टाकून ठेवलेली आहे. सामानाचे म्हणाल तर हे सारे सामानच. बाईंनी सामानाकडे पाहिले. फळीवरून तीसेक जबडे त्यांच्याकडे पाहून हसत होते.

धाकटीने हात पुसले. ही कवळी खरे तर दुसऱ्या दिवशी दिली असती तरी चालणार होते. साचा ती दुपारीही उकळू शकली असती. पण रात्री पिशवी भरायला घेतली आणि तिच्या लक्षात आले, की पाचही वेळा आपण काही न विसरता पिशवी भरली आहे. कोणाच्या घरातून निघणारा माणूस इतका नीट निघत नाही. म्हणून तिने सकाळी पातेले चढवले होते.

“मी पाहुणी नाही,” ती म्हणाली. “मी यांच्या धाकट्या भावाची बायको. इथेच राहते. बावीस वर्षं.”

 बाईंनी यंत्र भिंतीला लावले. लांबी तीन दशांश चव्वेचाळीस, रुंदी दोन दशांश पंच्याहत्तर. मग जबड्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, की इथे धंदा चालतो का. धंद्याचा दर तिप्पट असतो.

“हातकाम आहे माझं.”

“गिऱ्हाईक येतं का इथे?”

“नाही. गिऱ्हाइकांचे नुसते जबडे येतात.”

बाईंना हसू आवरावे लागले. घरात बसून केलेले हातकाम निवासीच धरतात, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. तोंडी सांगण्यावरून त्या फार तर ‘तात्पुरता वापर’ अशी नोंद करू शकत होत्या, आणि तात्पुरती नोंद छापील यादीत येत नाही. कायमची नोंद हवी तर खोली राहती असल्याचा, मालकाच्या सहीचा, जुना कागद हवा. आहे का असा काही?

धाकटीकडे नव्हता. तिची पत्रे थोरल्यांच्या नावे येत, विजेचे बिलही. आपण या खोलीत राहतो याचा तिच्याकडे एकच पुरावा होता, तो म्हणजे ती स्वतः. आणि तो नियमात बसत नव्हता.

“कागद माझ्याकडे आहे,” थोरले अचानक म्हणाले.

मधल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दादा कोणता कागद काढणार हे त्यांना ठाऊक होते.

सगळे घरात येऊन जेवणाच्या टेबलाभोवती बसले. थोरल्यांनी कपाटातून नळकांडे आणले आणि त्यातला आराखडा टेबलावर उलगडला. चारी कोपऱ्यांवर एकेक वजन ठेवले. बावीस वर्षांपूर्वी कोठाराची दुरुस्ती केल्यावर त्यांनी हा आराखडा स्वतः काढून अर्जासोबत नगरपालिकेला दिला होता. ही त्याचीच शिक्क्याची प्रत. अर्जात ‘कोठार’, आराखड्यातही खोलीच्या मधोमध सुवाच्य अक्षरात ‘कोठार’.

“वाचा,” ते म्हणाले. “खाली माझी सही आहे, तारीख आहे. चौतीस वर्षांत माझा एकही आराखडा दुरुस्तीला परत आला नाही.”

बाईंनी वाचले. त्या बराच वेळ वाकून पाहत होत्या. अशी रेषा आता कोणी काढत नाही, असे त्यांनी म्हटले आणि थोरल्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी पेनाच्या टोकाने ‘कोठार’ या अक्षरांच्या बाजूची एक बारीक चौकट दाखवली.

“ही कसली खूण, काका?”

थोरल्यांनी विचार करण्याआधीच त्यांच्यातल्या आरेखकाने उत्तर दिले. “खाट. एक नव्वद बाय नव्वद. ही तिरकी रेघ म्हणजे उशी. डोक्याशी खिडकी येऊ नये म्हणून अशी लावली. दार उघडताना खाटेला अडत नाही, हा कंस बघा. इथे शेगडीचा ओटा, आणि हे...”

ते थांबले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असे.  तंत्रनिकेतनात त्यांचे गुरुजी रिकाम्या खोल्यांचा आराखडा पाहताच फाडून टाकीत. वापर दाखवल्याशिवाय खोलीला खोली म्हणू नये, असे त्यांचे सांगणे होते. त्या शिस्तीत वाढलेल्या हाताने कोठार असे लिहिले होते खरे, पण रिकामे कोठार काढणे त्या हाताला जमले नव्हते. कागदावर मापाला अचूक अशी एका माणसाची जागा होती. नगरपालिकेत तो कागद बावीस वर्षे होता आणि पाच निरीक्षकांच्या हातांखालून गेला होता. आराखडा उघडून पाहण्याची तिथे पद्धत नव्हती.

मधल्यांनी परिस्थिती सावरायचा प्रयत्न केला. त्यांचा आवाज अतिशय मृदू होता.

“दादा, चुकून काढली असेल. होतं असं. मॅडम, यांचं तेव्हाही वय झालेलं होतं. आराखड्यात चूक झाली, एवढं लिहून द्या तुम्ही, दादा. विषय संपला.”

थोरलीने नवऱ्याकडे पाहिले. सुटकेची वाट इतकी सोपी होती. आराखडा चुकला असे म्हटले की कोठार कोठारच राहणार होते. अर्ज चुकला म्हटले, तर बावीस वर्षे दिलेली प्रत्येक सही खोटी ठरणार होती.

“मालकाने चुकीची माहिती दिली असेल तर सहा वर्षांच्या कराचा फरक आणि दंड लागतो, काका,” बाई म्हणाल्या. त्या धमकावत नव्हत्या. म्हाताऱ्या माणसाला माहीत असावे, म्हणून सांगत होत्या.

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खाटेच्या चौकटीवर वाकून पाहिले. त्यांचा अंगठा कागदाच्या कडेवर होता. धाकटीकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित त्यांना बोलणे जड गेले असते.

“आराखड्यात चूक नाही,” ते म्हणाले.

“दादा...”

“तू नळ विकतोस. तुला कळणार नाही.” त्यांनी कागदावरून हात फिरवला. “या कागदात मिलिमीटरची चूक नाही. आराखडा बरोबर आहे. अर्ज खोटा आहे. दंड लावा.”

मधले खुर्चीत मागे टेकले. बिल्डरला काय सांगायचे, असे ते थोड्या वेळाने म्हणाले, कोणालाच उद्देशून नव्हे. त्याला जेवायला बोलव, म्हणजे तीन घरं कुठे बसवायची ते इथेच ठरवू, असे थोरलीने सुचवले. वरून, त्याचे दात चांगले नसले तर घरात सोय आहे, हेही तिने सांगून टाकले. नवऱ्यापुढे तिने चहाचा कप सरकवला. सकाळच्या ‘झालं’विषयी थोरल्यांनी तिला काही विचारले नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मात्र पुढे वर्षभर ती ‘झालं’ म्हणाली की ते उठून स्वतः पाहून येत.

निर्धारक बाईंनी आराखड्याचा क्रमांक टिपून घेतला आणि नवा तक्ता भरायला घेतला. वापर, निवासी. कधीपासून, बावीस वर्षे. भोगवटादाराच्या रकान्यात आडवी रेघ होती, ती खोडून त्यांनी धाकटीला विचारत विचारत अक्षरे लिहिली. शेवटी क्षेत्रफळ भरले आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे केला. धाकटीने पेन हातात घेतले. त्याचे टोक सहीच्या जागेवर टेकवले.

“थांब,” थोरले म्हणाले.

तिचा हात थांबला. मधल्यांच्या डोळ्यांत आशा परत आली. थोरलीने कप खाली ठेवला.

थोरल्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि बोट आकड्यांवर टेकवले. “तीन दशांश चव्वेचाळीस गुणिले दोन दशांश पंच्याहत्तर. किती होतात?”

बाईंनी गुणाकार करून पाहिला. “नऊ दशांश शेहेचाळीस.”

“तुम्ही नऊ दशांश चार लिहिलंय. सहा शतांश कुठे गेले?”

बाई ओशाळल्या. काकूंवर उगाच भार नको, म्हणून आपणच थोडे कमी धरले, असे त्यांनी सांगितले. “शेहेचाळीस लिहिलं तर कर वाढेल, काका. थोडासा, पण दर वर्षी.”

“वाढू दे.” थोरल्यांचा आवाज चढला नाही, फक्त कोरडा झाला. “जागा तिची आहे. मोजून आलेली आहे. त्यातले सहा शतांश कापायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

ज्या माणसाने बावीस वर्षे अख्खी खोली लपवली, तो चौरस मीटरच्या सहा शतांशांसाठी सरकारी अधिकाऱ्याशी भांडत होता. मधल्यांना यात कसलीच संगती दिसेना. थोरलीला दिसली असावी, कारण तिने पदर तोंडाशी नेला. हसू लपवायला की आणखी कशाला, हे कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी धाकटीकडे पाहिले. कर आता ती भरणार होती.

“लिहा,” धाकटी म्हणाली. “दादांनी मोजलंय ना, मग तेवढंच लिहा.”

बाईंनी चूक खोडली आणि शेजारी नऊ दशांश शेहेचाळीस लिहिले. खाडाखोडीवर सही लागते. थोरल्यांनी सवयीने हात पुढे केला, पण बाईंनी कागद त्यांच्यापुढून उचलला आणि पलीकडे सरकवला. अशा दुरुस्तीवर, त्या म्हणाल्या, भोगवटादाराचीच सही चालते.